घरचा कार्बन सिलिंडरमध्ये मोजा

कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या वापरामुळे हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो त्याचा हिशेब, काढायला बसले त्या पहिल्याच संध्याकाळी मी उत्साहाने सासूबाईंना सांगितलं, "आई, आपलं घर वर्षाला जवळजवळ चार टन कार्बन डायऑक्साइड सोडतं." त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "टन-बिन मला नको सांगूस. सिलिंडर किती झाले ते सांग."

त्यांच्या त्या एका वाक्याने माझं काम सोपं झालं. टन आपल्याला दिसत नाही. सिलिंडर दिसतो, तो संपतो, त्याचा नंबर लावावा लागतो. तेव्हापासून आमच्या घरी सगळा हिशेब सिलिंडरमध्ये चालतो, आणि तुम्हीही तसाच करावा असं मी सुचवीन. लागणारं साहित्य: वर्षभराची लाइट बिलं, मोबाइलमधला पेट्रोलच्या पैशांचा हिशेब, एक वही आणि रविवारची एक दुपार.

आधी माप ठरवा

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो जळला की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चौदाचे बेचाळीस कसे, हा प्रश्न माझ्या लेकीने लगेच विचारला. गॅसमधल्या कार्बनला जळताना हवेतला ऑक्सिजन चिकटतो, आणि वजनातला मोठा वाटा त्या ऑक्सिजनचा असतो. १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, हे दहावीच्या रसायनशास्त्रातलंच गणित.

हे ४२ किलो म्हणजे आपलं माप. त्याच्याबरोबरीचं काय काय आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

- वीज: ६० युनिटं
- पेट्रोल: १८ लिटर
- डिझेल: १६ लिटर
- सीएनजी: १५ किलो
- पाइप गॅस: २१ युनिटं (मीटरवरचं एक युनिट म्हणजे एक घनमीटर)

विजेचा आकडा देशाच्या ग्रिडच्या, म्हणजे वीजजाळ्याच्या, सरासरीवरून घेतला आहे. एक युनिट वीज बनताना साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते. कोयनेचं पाणी आपल्या पाठ्यपुस्तकात मानाने बसलं असलं, तरी पंख्याला फिरवणारी वीज चंद्रपूर आणि कोराडीच्या धुराड्यांखालून येण्याचीच शक्यता जास्त. तेल उपसणं, शुद्ध करणं, कोळसा वाहून आणणं हे सगळं वरच्या यादीत धरलेलं नाही. ते धरलं तर आकडे आणखी वाढतात. सुरुवातीला एवढं पुरे. अचूकतेच्या मागे लागून वही अर्धवट राहण्यापेक्षा ढोबळ हिशेब पूर्ण झालेला बरा.

मग मोजा, अपराधी वाटून न घेता

लाइट बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो. बारा महिन्यांच्या युनिटांची बेरीज करा आणि ६० ने भागा. रुपये बघू नका, युनिटंच बघा. दर बदलतात, स्थिर आकार मिसळलेला असतो, रुपयांवरून काही कळत नाही. सिलिंडर वर्षाला किती लागले हे बुकिंगच्या मेसेजमध्ये सापडतं. पाइप गॅसचं बिल बहुधा दोन महिन्यांचं येतं, तेवढं लक्षात ठेवा. ते एका महिन्याचं समजलात तर हिशेब दुप्पट होऊन बसतो.

पेट्रोलची नोंद कोणी ठेवत नाही. पण पंपावर मोबाइलने पैसे दिले असतील तर रकमेला तेव्हाच्या दराने भागून लिटर निघतात. तेही नसेल तर गाडीचं रीडिंग महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेला लिहा आणि ॲव्हरेजने भागा.

आमचं घर पुण्यातलं, माणसं चार: सासूबाई, नवरा, मी आणि लेक. पहिल्या वर्षाचा हिशेब असा निघाला. वीज महिन्याला सरासरी १८० युनिटं, म्हणजे वर्षाचे ३६ सिलिंडर. स्वयंपाकाचे खरे सिलिंडर ८. दोन दुचाक्यांचं मिळून महिन्याला २० लिटर, त्याचे १३. चारचाकीचं २५ लिटर, त्याचे १६. आणि नणंदेच्या मुलाच्या लग्नाला चौघं दिल्लीला विमानाने जाऊन आलो, त्याचे १९. (पुणे-दिल्ली विमानप्रवासाला माणशी एका बाजूला १०० किलोच्या आसपास धरलं आहे.) एकूण ९२.

सासूबाईंचं लक्ष सगळ्यात आधी कुठे गेलं असेल? "लाइटीचे छत्तीस? आणि गॅसचे फक्त आठ? मग जन्मभर मी गॅस बारीक करत आले ते कशाला!"

हाच मोजण्याचा फायदा. ज्या गोष्टीची आपल्याला रुखरुख असते आणि ज्या गोष्टीचा खरा भार असतो, त्या बऱ्याचदा वेगळ्या निघतात. मोबाइलचा चार्जर घ्या. फोन रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला नऊ-दहा युनिटं जातात, म्हणजे सिलिंडरचा सहावा हिस्सा. तोच फोन बनतानाच मात्र एक-दीड सिलिंडर खर्ची पडलेला असतो. चार्जरचं बटण बंद करायला धावण्यापेक्षा फोन दोन वर्षं जास्त वापरणं फायद्याचं. प्लास्टिकच्या पिशवीचंही तसंच. नाले तुंबतात, गाईच्या पोटात जातात, म्हणून पिशवी टाळायलाच हवी. पण कार्बनच्या वहीत तिची नोंद फार बारीक अक्षरात होते.

तुलनेसाठी: भारतात दर माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड पडतो, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या घरात आहे, अमेरिकेची चौदाच्या आसपास. आमच्या ९२ सिलिंडरांचे माणशी एक टनाला थोडे कमी होतात, पण त्यावर खूश होऊ नका. देशाच्या आकड्यात सिमेंट, पोलाद, खत, सगळं येतं. आपल्या वहीत फक्त घर आणि प्रवास.

एक गोष्ट इथेच सांगते. "कार्बन फूटप्रिंट" हे शब्द घरोघर पोचवले ते बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने, २००४-०५ च्या सुमाराच्या आपल्या जाहिरात मोहिमेतून. तेल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला विचारायचं, "तुझं पाऊल केवढं?" यातली मखलाशी ओळखून मोजायला बसा. चंद्रपूरचा कोळसा तुम्ही जाळत नाही. घरातलं, खिशातलं आणि सोसायटीच्या सभेतलं जेवढं हातात आहे तेवढंच बघायचं.

एसीचा गॅस: वहीत नसलेली नोंद

आता जे सांगणार आहे ते मला पहिल्या वर्षी माहीतच नव्हतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या बेडरूममधला एसी जुना. दर मार्चमध्ये त्याची हवा गार येईना की मेकॅनिक यायचा, गॅस भरायचा, पैसे घ्यायचा. तीन वर्षं हेच. तिसऱ्या वर्षी मी विचारलं, "दर वर्षी गॅस जातो कुठे?" तो म्हणाला, "मॅडम, थोडा उडतोच."

उडत नाही. एसीतला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. पेट्रोलसारखा तो खर्च होत नाही; कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतो आहे. आणि गळणारा गॅस साधा नसतो. बाहेरच्या युनिटवर एक पट्टी असते, तिच्यावर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. आमच्या पट्टीवर होतं आर-२२. हा एक किलो हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. म्हणजे ४३ सिलिंडर! वर ओझोनच्या थराला इजा करतो ती वेगळीच. त्याच्यानंतर आलेला आर-४१०ए ओझोनला इजा करत नाही, पण तापवण्यात त्याच्याही पुढे: किलोला जवळजवळ ५० सिलिंडर. हल्लीच्या बऱ्याच एसींमध्ये आर-३२ असतो, तो किलोला १६. काही कंपन्या आर-२९० वापरतात. तो म्हणजे प्रोपेन, त्याचा भार नगण्य.

आमच्याकडे दर वर्षी साधारण अर्धा किलो भरला जात होता, म्हणजे अर्धा किलो हवेत जात होता. वर्षाला २१ सिलिंडर. वहीतला ९२ चा आकडा खोडून मी ११३ केला. दिल्लीच्या विमानापेक्षा भिंतीवरचा गळका एसी भारी पडला होता.

तर मेकॅनिक आला की हे करा. गॅस भरण्याआधी गळती शोधायला सांगा. नळ्यांमध्ये नायट्रोजनचा दाब देऊन जोडांवर साबणाचं पाणी लावतात. जिथे फुगे येतात तिथे गळती. आमच्याकडे आतल्या युनिटमागे नळी जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी बारीक बारीक फुगे आले. नळीचं टोक कापून नवं फ्लेअर (पसरट तोंड) काढलं, नट आवळला, काम झालं. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून नळ्या रिकाम्या करायच्या आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. "अंदाजाने भरतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. घर बदलताना एसी काढायचा असेल तर आधी "पंप डाउन" करायला सांगा. त्यात सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो. नाहीतर स्पॅनर फिरवून फुस्सकन सोडून देतात, तो आवाज म्हणजे डझनावारी सिलिंडर.

एसी चालवण्याचं म्हणाल तर तापमान एक अंशाने वाढवलं की वीज सुमारे ६ टक्के वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. आम्ही २६ वर ठेवून पंखा मंद लावतो. सासूबाईंना तेही गार होतं.

पंखा आणि गिझर

मध्यमवर्गीय घरात वीज खातो तो पंखा, कारण तो आठ-नऊ महिने जवळजवळ थांबतच नाही. साधा छताचा पंखा ७५ वॉटचा असतो. दिवसाला १५ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालला तर ३३७ युनिटं. बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तेवढीच हवा ३० वॉटमध्ये देतो, त्याची होतात १३५. फरक २०० युनिटांचा, एका पंख्यामागे तीन सिलिंडरांहून जास्त. साधारण तीन हजारांचा पंखा दीड-दोन वर्षांत स्वतःचे पैसे फेडतो. फक्त तो जुन्या रेग्युलेटरवर चालवायचा नसतो. इलेक्ट्रिशियनकडून रेग्युलेटर काढून सरळ जोडणी करून घ्या. आणि रिमोटला एक ठरलेली जागा द्या. आमचा पहिला रिमोट तीन आठवड्यांत गाद्यांच्या घडीत गेला.

सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. जास्त चालतात ते आधी. बाल्कनीतला जुनाच राहू दे.

गिझरचं गणित मजेशीर आहे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत तापवायला ०.६ युनिट लागतं आणि २,००० वॉटच्या गिझरला त्यासाठी १८ मिनिटं पुरतात. म्हणजे आंघोळीच्या तासभर आधी बटण दाबून ठेवण्यात अर्थ नाही. गिझरचं तापमान ६० वरून ४८-५० वर आणा, एकामागून एक आंघोळी उरका, शॉवरऐवजी बादली घ्या. २० लिटरची कोमट बादली ०.४ युनिटात होते. वर मोकळी गच्ची असेल तर सौर बंब लावा, हा विषयच संपतो. गॅस गिझर कार्बनच्या हिशेबात विजेच्या गिझरपेक्षा हलका पडतो, पण बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरलेला आहे. तो बाहेर, मोकळ्या हवेतच बसवायचा. तशी सोय नसेल तर नकोच.

कार्बनच्या हिशेबात गॅस विजेपेक्षा हलका, म्हणून इंडक्शनच्या (विजेच्या) शेगडीबद्दलही घाई करू नका. वीज कोळशाची असेतोवर, तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर केला तर गॅसच्या साधारण दुप्पट कार्बन पडतो. घरात धूर आणि उष्णता नको म्हणून इंडक्शन घेतलंत तर छानच. कार्बनसाठी मात्र गच्चीवर पॅनेल आल्यावर घ्या. तोवर डाळ भिजत घालणं आणि कुकरला डबे लावणं पुरेसं.

गच्चीवरचं ऊन

एक किलोवॉटची सौर पॅनेलं आपल्याकडे वर्षाला साधारण १,४०० युनिटं देतात, म्हणजे २३ सिलिंडर. या अख्ख्या लेखातला सगळ्यात मोठा एकरकमी फायदा हाच. जागा साधारण १०० चौरस फूट लागते, आणि ती सावलीविना हवी. शेजारच्या इमारतीची सावली दुपारी कुठवर येते ते डिसेंबरात बघा, मे महिन्यात बघून फसाल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत घराला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरवलं गेलं. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्याच्या दिव्यांसाठी किलोवॉटमागे १८,००० आहे. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरून होतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण मला ठाऊक आहे. गच्ची कोणाची, यावरून आमच्या सोसायटीत दोन सर्वसाधारण सभा खर्ची पडल्या. तिसऱ्या सभेला मी आकडे न सांगता फक्त सामायिक मीटरची बारा बिलं झेरॉक्स काढून वाटली. त्या दिवशी निदान कोटेशन मागवायचं ठरलं.

गाडीत माणसं किती?

दुचाकी किलोमीटरला ५० ग्रॅम सोडते, पेट्रोलची चारचाकी १५० च्या वर. पण दुचाकीवर दोघं बसली तर माणशी २५, चारचाकीत चौघं बसली तर माणशी चाळीसच्या आत. गणपतीला गाडी भरून गावी जाणाऱ्यांनी त्यामुळे फार खंत करू नये. रोज सकाळी एकट्याने चारचाकी घेऊन ऑफिसला जाणाऱ्याने करावी. कोकणात जाताना तिकीट मिळालं तर रेल्वेच उत्तम. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झालं आहे. तिकीट मिळालं तर, हे मी मुद्दाम लिहिलं आहे.

विजेची स्कूटर आजच्या कोळशाच्या विजेवरही पेट्रोलच्या स्कूटरच्या निम्म्यावर येते. म्हणून पुढची दुचाकी घ्याल ती विजेची घ्या. चालती गाडी केवळ यासाठी मोडीत काढू नका. लांबच्या विमानाचा भार मात्र भलताच: मुंबई-लंडन जाऊन-येऊन माणशी साधारण एक टन, म्हणजे २४ सिलिंडर. मुलं परदेशात असतील तर जाऊ नका असं कोण म्हणेल? दोन छोट्या फेऱ्यांऐवजी एक लांबलचक करा. देशात दिल्लीसारख्या अंतराला रेल्वेचा भार विमानाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात बसतो.

ताट आणि कचरा

जेवणाचं मोजमाप घरी नीट होत नाही, म्हणून मी ते वहीत घेतलं नाही. दिशा तेवढी सांगते. जागतिक सरासरीत शेळी-मेंढीच्या मटणाचा भार डाळीच्या वीसपट, चिकनचा पाचेकपट. दुधाचा लिटरमागे तीन किलो, आणि हे चहाबाज घराला झोंबतं. भाताच्या खाचरात पाणी साचून मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षाही जास्त तापवणारा वायू तयार होतो, त्यामुळे तांदळापेक्षा ज्वारी-बाजरी हलकी. आठवड्यात दोन रात्री भाकरी, एवढाच बदल आम्ही केला.

ओला कचरा डेपोत दबला की तिथेही मिथेन होतो. २०१६ साली मुंबईच्या देवनार डेपोला लागलेली आग आठवत असेल. बादलीत सुकी पानं आणि भाजीची देठं थरावर थर टाकून खत करा. वास आला तर ओलं जास्त झालं आहे, पानं वाढवा. अळ्या झाल्या तरी घाबरू नका, त्या कामच करत असतात. सासूबाईंना मात्र हे अजून पटलेलं नाही.

वर्षाने पुन्हा वही उघडा

तारीख ठरवून ठेवा. आम्ही पाडवा धरला. दुसऱ्या वर्षी ११३ चे ६३ झाले. पण वजाबाकी प्रामाणिकपणे करावी लागते. विमानाचे १९ गेले ते दिल्लीत लग्न नव्हतं म्हणून, ती आमची कमाई नाही. एसीचा गॅस थांबला त्याचे २१, ते खरे. तीन पंख्यांचे कागदावर दहा वाचायला हवे होते, बिलात आठ वाचले. गिझरचे तीन. नवरा मेट्रोने जाऊ लागला त्याचे तीन. आणि लेकीच्या क्लासला सोडण्या-आणण्यात चारचाकीचे चार वाढले.

ते वाढलेले चार सासूबाईंनी लाल पेनाने लिहिले आहेत.